सिंहकूर्माची सनद

कल्पित जगाची बखर लिहिण्याचा खटाटोप म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणून तो बाजूस सारणारे पुष्कळ भेटतात. परंतु पुढील संभाषण ज्यांच्यात झाले त्या मामा-भाचीपैकी एकालाही रिकामटेकडे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मामांची उभी नोकरी तहसील कचेरीत गेली व ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका त्यांनी प्रथम पाहिली ती केवळ लहानग्या भाचीला सोबत म्हणून. भाची आता महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते, तरी मालिकेची गोडी मात्र दोघांपैकी कोणाचीच सुटलेली नाही.

मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झ्को या दोन अमेरिकन निर्मात्यांनी रचलेली ही कथा निकलोडियन वाहिनीवर 2005 ते 2008 या काळात 61 भागांत दाखवली गेली, आणि ‘द लेजंड ऑफ कोरा’ हा तिचा उत्तरभाग 2012 ते 2014 या काळात 52 भागांत आला. जल, पृथ्वी, अग्नी व वायू यांपैकी एखादे तत्त्व हवे तसे वळवण्याचे सामर्थ्य, म्हणजेच बेंडिंग, काही माणसांच्या ठायी असते, आणि चारही तत्त्वे ज्याला वश आहेत असा अवतार जन्मोजन्मी जगाचा तोल सांभाळतो, एवढे गृहीत धरले म्हणजे पुढील वाद समजण्यास अडचण पडू नये.

या जगाची वर्षे रसिक मंडळी एका हत्याकांडापासून मोजतात. धूमकेतूच्या बळावर अग्निराष्ट्राच्या सोझिनने वायुपंथीयांचा संहार केला ते वर्ष शून्य. राज्याभिषेकापासून शक मोजणाऱ्या आपल्या परंपरेला हा आरंभ अशुभ वाटेल, पण ज्यांचा पंथच नाहीसा झाला त्यांच्या नावाने काळ मोजण्यात एक प्रकारचा न्यायही आहे. शून्याच्या आधी 12 वर्षे अवतार रोकू मेला, त्याच क्षणी त्याचा पुढचा जन्म, मालिकेचा नायक आंग, जन्मला, बाराव्या वर्षी हिमनगात गोठला आणि शंभर वर्षांनी बाहेर आला, हा हिशेब पैपैशाने जुळतो. रोकूच्या आधीची अवतार क्योशी मात्र 230 वर्षे जगली ही गोष्ट कोणालाच सहज पचत नव्हती. तेव्हा 2019 साली आलेल्या एफ. सी. यी यांच्या कादंबरीत लाओ गे नावाच्या एका गूढ वृद्धाकरवी दीर्घायुष्याच्या विद्येची सोय लावण्यात आली. आकडा आधी आणि कारण मागून, हा प्रकार कचेरीत जन्म काढलेल्या मामांना नवा नव्हता, त्यामुळे त्यावर ते नुसते हसले. खरे भांडण निराळेच होते.

भाची : मामा, ओमा आणि शू तुम्हाला आठवत असतील. वैर धरून बसलेल्या दोन गावांतली ती दोघे, डोंगराच्या पोटात चोरून भेटता यावे म्हणून बॅजरमोल नावाच्या आंधळ्या जनावरांकडून माती वळवायला शिकली, आणि पृथ्वीतत्त्वाचे पहिले बेंडर तेच, असे आपल्याला स्वच्छ सांगितले गेले. जलवाले चंद्राकडून शिकले, वायुपंथीय उडत्या गव्यांकडून, अग्निवाले ड्रॅगनांकडून. हे झाले 2008 पर्यंतचे. पुढे 2013 मध्ये ‘कोरा’त वान या पहिल्या अवताराची कथा आली, सुमारे 10,000 वर्षांपूर्वीची, तीत सिंहकूर्म, ज्यांच्या अजस्र पाठीवर नगरे वसली आहेत, ते माणसांना रानात जाताना तत्त्वावरचा ताबा देतात आणि परत आली की काढून घेतात. मग पहिले कोण?

मामा : पहिले कोण हे विचारण्याआधी दोन नोंदींचे नाते काय, ते विचार. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव आम्ही खोडत नसू. त्याला कंस करीत असू, आणि ज्या फेरफाराने तो कंस पडला त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहीत असू. पुढे कोणी हरकत घेतली, तर कंसातले नाव जसेच्या तसे वाचता आले पाहिजे, असा शिरस्ता. ओमा आणि शू यांच्या नावाला 2013 च्या फेरफाराने कंस पडला आहे, एवढेच मी म्हणेन. ती नावे खोडली गेली असे मी म्हणणार नाही.

भाची : पण कंस तरी का पडावा? देणगी वेगळी आणि विद्या वेगळी, असे म्हटले की दोन्ही नोंदी सुखाने नांदतात. वानच्या गावचे बाकीचे लोक मिळालेला अग्नी नुसता फेकत. वान एकटाच पांढऱ्या ड्रॅगनच्या सोबतीने अंग वळवून तो खेळवायला शिकला. सिंहकूर्मांनी बळ दिले, प्राण्यांनी कला दिली. शिवाय ओमा-शूची हकिकत आपल्यापर्यंत पोचते ती भटक्या गाणाऱ्यांच्या तोंडून आणि थडग्यातल्या लेखातून. ती ऐकीव साक्ष आहे.

मामा : तोड चांगली आहे, आणि कागदोपत्री मी ती मान्यही करतो. पण तिची किंमत कोणी मोजली ते पाहा. आधीच्या कथेत दोन माणसांची एकमेकांविषयीची ओढच इतकी बलवत्तर होती, की जगात पूर्वी नव्हती अशी एक विद्या तिच्यातून निपजली. तुझ्या तोडीनंतर त्यांच्या पदरी उरते ते आधीपासून असलेल्या बळाला लावलेले वळण. विसंगती मिटली, पण कथेचे वजन उतरले. सुसंगती म्हणजेच सत्य असे मानणाऱ्यांच्या ध्यानात ही घट सहसा येत नाही.

भाची : म्हणजे तुमचा कल जुन्या पाठाकडे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिथेही हाच दंडक होता : हस्तलिखिते ताडून पाहावीत आणि जुन्यात जुना जो पाठ हाती लागेल तो संहितेत ठेवावा. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती त्या न्यायाने परिशिष्टात गेला.

मामा : आणि लोकांच्या मनातून तो तसूभर हलला नाही, हेही सांग! पण तुझा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे हात शेकडो होते आणि मालक कोणीच नव्हता, म्हणून जुन्याला मान. इथे तेच दोन निर्माते हयात आहेत, त्यांनीच आधी एक सांगितले व मग दुसरे, आणि रसिकांची वहिवाट अशी की मालकाचा शेवटचा शब्द खरा. पोथीशास्त्रात आधीचे प्रमाण, यांच्यात नंतरचे. दोन्ही दंडक आपापल्या जागी ठीक आहेत; मात्र दोहोंपैकी एकही असे सांगत नाही, की त्या जगात ‘खरोखर’ काय घडले. तिथे पडद्यामागे काही घडलेलेच नाही, पोरी. नोंदी आहेत, जमीन नाही.

(हे वाक्य मामांनी इतक्या सहजपणे उच्चारले की त्याचा धक्का मला काहीसा उशिरा बसला. नोंदी आहेत आणि जमीन नाही, अशी प्रकरणे त्यांनी नोकरीतही पाहिली असणार.)

भाची : जमीन नसेल, पण पीक तर आपण खातो. क्रम बदलला की कृतीचा नैतिक अर्थ बदलतो, म्हणून तर हा वाद. अग्निराजा ओझाईचा प्रसंग घ्या. मठात अहिंसा शिकलेल्या बारा वर्षांच्या आंगने त्याला ठार करावे, अशी साऱ्या जगाची अपेक्षा. आंग रोकू, क्योशी, कुरुक, यांगचेन या चार पूर्वजन्मांना विचारतो आणि चौघेही त्याच्या मनासारखे बोलत नाहीत. यांगचेन तर स्वतः वायुपंथीय. तीदेखील सांगते की जगाचे कर्तव्य करताना स्वतःच्या आत्म्याची शुद्धीही पणाला लावावी लागते. आणि तेवढ्यात समुद्रातून एक सिंहकूर्म वर येतो, मुलाच्या कपाळावर आणि छातीवर नख टेकवतो, आणि तो मुलगा ओझाईला न मारता त्याचे बेंडिंगच काढून घेतो! लेखकांनी नायकाला मागच्या दाराने सोडवले, अशी तक्रार 2008 मध्ये झाली ती काही अन्याय्य नव्हती. पण वानची कथा आल्यावर ती तक्रार निकालात निघते. बेंडिंग ही मुळात सिंहकूर्मांनी दिलेली सनद. देणाऱ्याने आपल्या मुखत्यारामार्फत ती परत घेतली.

मामा : हा मागील तारखेचा हुकूम झाला. कृती 2008 ची, अधिकारपत्र 2013 चे. आंगला त्या सनदेचा पत्ता नव्हता, आपल्यालाही नव्हता. वाळवंटातल्या ग्रंथालयात तो एका पानावर सिंहकूर्माचे चित्र पाहतो आणि कसले विचित्र प्राणी म्हणून पुढे जातो, एवढाच काय तो आगाऊ पुरावा. कृतीचे कायदेशीरपण मागाहून सिद्ध होऊ शकेल. तिची नीती मात्र करणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जे होते त्यावरच तोलली पाहिजे. आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय होते ते आपण पाहिले आहे. दोन रंगांचे प्रकाश एकमेकांवर चढतात, ओझाईचा लाल आंगच्या निळ्याला गिळत गिळत डोळ्यापर्यंत येऊन ठेपतो. ज्याचा आत्मा वाकेल तो नष्ट होणार, हे त्याला पुरते ठाऊक असते. त्याने आपल्या अहिंसेची किंमत स्वतःच्या नाशाच्या जोखमीत चुकती केली. सनदेने ती जोखीम उलट स्वस्त होते.

भाची : जोखीम पत्करली, मान्य, पण यांगचेनला उत्तर मिळाले का? तिच्या बोलण्यामागचा प्रश्न असा, की दोनच वाटा असतील तर काय करशील? त्याला तिसरी वाट मिळाली. ज्याला ती मिळत नाही त्याने काय करावे, यावर मालिका मौन पाळते.

मामा : पाळते. तिथे माझ्याजवळही उत्तर नाही. क्योशीजवळ होते, तिच्यापुढे चिन हा आक्रमक कडा कोसळून मेला, तो आपल्या हट्टापायी मेला अशी सवलत आंग तिला देऊ करतो आणि ती ती नाकारते. जबाबदारी टाळण्यासारखा तपशील हाती असताना तो न वापरणे, हे मला आंगच्या करामतीहून मोठे वाटते. शिवाय तिसरी वाट एकदाच उघडली असती तर तिला मी कृपा म्हटले असते. पुढे यकोन या गुन्हेगाराचे बेंडिंगही आंगने काढलेच. कृपेची वहिवाट झाली.

भाची : त्या यकोनवरूनच मी आता माझ्या विरुद्ध बोलते. यकोनचा मुलगा मुखवटा घालून आमोन बनतो, रक्तावर ताबा मिळवणाऱ्या विद्येने लोकांचे बेंडिंग नष्ट करतो, आणि हा अधिकार आपल्याला आत्म्यांनी दिला असे सभा भरवून सांगतो. ते खोटे होते. पण बेंडिंग ही परत घेण्याजोगी सनद असेल, तर त्याचे खोटे फक्त मुखत्यारपत्रापुरते खोटे राहते; सिद्धान्त म्हणून ते उभे राहते. आंगला निर्दोष ठरवण्यासाठी मी जो फेरफार पुढे केला, तोच आमोनच्या हाती पडतो. ओमा आणि शू यांनी स्वतः मिळवलेली विद्या असती, तर ती काढून घेण्याचा हक्क आमोनला नव्हता, आणि खरे पाहता आंगलाही नव्हता.

मामा : म्हणून म्हणतो, कंसातले नाव वाचता आले पाहिजे.

भाची : तुमचे ठीक आहे, तुम्ही ते क्रमाने वाचलेत. माझ्यापुढे व्यवहाराचा प्रश्न आहे. आमच्या धाकट्याला मालिका दाखवायची ती प्रसारणाच्या क्रमाने की त्या जगातल्या कालक्रमाने? 10,000 वर्षांपूर्वीचे आधी दाखवायचे, तर वानपासून सुरुवात करावी लागेल.

मामा : प्रसारणाच्या क्रमाने. आंगला जेवढे ठाऊक नव्हते तेवढे त्यालाही ठाऊक नसू दे. भुयारातल्या त्या दोघांना त्याने काही दिवस तरी पहिले मानले पाहिजे.

भाची : उशीर झाला, मामा. मित्राच्या घरी त्याने वानचेच भाग आधी पाहिले, आणि काल भुयाराचा भाग लावला तर म्हणतो, ही दोघे थापा मारतायत.

मामा : थापा नव्हेत, म्हणावे, सिंहकूर्म त्यांच्या गावी कोणी पाहिला नव्हता. आणि त्याला विचार, वानची हकिकत तरी त्याला कोणी सांगितली?