उरलेली खोडी

जुम्म्याच्या नमाजला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या पायरीपाशी चपलांचा ढीग पडतो. आमचा भाचा सात वर्षांचा होता तेव्हा तो त्या चपला जोडीजोडीने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडत असे. एक जोड वाकडा पडला तरी त्याचा जीव वरखाली होई. मोठी माणसे हसत, कौतुकही करीत. पण आत सफ उभी राहिली की हाच मुलगा दोन मिनिटे एका जागी टिकत नसे. सज्द्यात गेलेल्या माणसांमधून पळत सुटे. मग सलाम फिरताच एक चाचा आमच्याकडे वळून म्हणत, "चपला लावायची अक्कल आहे, मग गप्प उभे राहायला काय होते?"

प्रश्न वाईट मनाने विचारलेला नव्हता. खरे सांगायचे तर घरी आम्हीही तोच विचारत होतो.

२०१० साली, तो चार वर्षांचा असताना, डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता असल्याचे लिहून दिले. नाव मिळाले आणि घर थोडे शांत झाले. तो नजरेला नजर देत नाही, एकच वाक्य शंभरदा बोलतो, ताटात भाताला भाजी लागलेली चालत नाही, हे सारे त्या नावाखाली गेले. त्याबद्दल रागावणे आम्ही सोडले. पण शाळेत रोज हरवणारा डबा, अर्धवट टाकलेले प्रत्येक काम, भर रस्त्यात अचानक सुटणारा हात, हे त्या नावात बसत नव्हते. ते उरले. उरले त्याला आम्ही खोडी म्हटले, आणि फटके त्या खोडीसाठी पडले.

चूक आमची होतीच. पुस्तकाचीही होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम, आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीचा दंडक असा, की स्वमग्न मुलाला अतिचंचलतेचे, म्हणजे एडीएचडीचे, वेगळे निदान द्यायचे नाही. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही अट गेली. मधली एकोणीस वर्षे मुलाने एकच काहीतरी असावे असा कागदाचा आग्रह होता. आता स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांत अतिचंचलताही आढळते हे मान्य झाले आहे, आणि जुळ्यांच्या अभ्यासांतून दोन्हींच्या मुळाशी काही आनुवंशिक घटक समान असल्याचे दिसले आहे.

अतिचंचलतेच्या इतिहासात लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांचे नाव येते. १९०२ च्या व्याख्यानांत त्यांनी अशा मुलांविषयी सांगितले ते नैतिक संयम कमी पडण्याच्या भाषेत. ज्याने निरखून पाहिले त्यालाही दिसली ती नीतीच. मग मोहल्ल्याला काय बोल लावायचा?

भाच्याला दुसरे नाव मिळाले ते अकराव्या वर्षी, २०१७ मध्ये. तेव्हा कुठे आम्हाला त्याच्या आतली ओढाताण दिसू लागली. एक मन म्हणते, सारे कालच्यासारखेच हवे. दुसऱ्याला दर घडीला नवे हवे. तो स्वतःच भिंतीवर दिवसाचे वेळापत्रक लावी, स्वतःच ते मोडी, आणि मोडले म्हणून तासभर रडे. आम्हाला ते नाटक वाटायचे. आठवले की अजून मान खाली जाते.

कुणी म्हणेल, प्रत्येक खोडीला नाव दिले तर मुलाला जबाबदारी शिकवायची कधी? शंका रास्त आहे. एकदा त्याने बहिणीला ढकलले, तिचा ओठ फुटला. आजार म्हणून सोडून दिले असते तर त्या पोरीवर अन्याय झाला असता. आम्ही त्याला बर्फ आणायला लावला, तिच्याजवळ बसवले. जाब मागितला. मात्र "मुद्दाम केलेस" हे शब्द आम्ही बंद केले. अमल नीयतवर तोलला जातो असे मुलांना शिकवणारे आम्ही, सात वर्षे एका नाबालिग पोराच्या नीयतवर शक घेत होतो. ज्याच्या खात्यावर अल्लाह गुनाह लिहीत नाही, त्याचा हिशेब आम्ही मांडून बसलो होतो.

कागदावर हा हिशेब अजून अर्धाच आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. शाळेने पहिल्या नावासाठी परीक्षेत जादा वेळ दिला. दुसऱ्याचे काय विचारले तर उत्तर आले, "जरा वळण लावा."

त्या वर्षीपासून आम्ही त्याला शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ उभे करू लागलो. पहिली रकात झाली की तो बाहेर जाई, चपलांवर नजर टाकी, परत येई. एका जुम्म्याला तेच चाचा घाईत लवकर उठले आणि पायरीवर चाचपडू लागले. आत दुआ सुरू होती. भाच्याने हात तसेच वर धरून मान वळवली आणि ओरडला, "चाचा, तिसरी ओळ, उजवीकडून पाचवी!"