चालक नसलेली गाडी कोणासाठी थांबेल?

रणांगणावर लढणाऱ्या शिपायाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याला शिधा, पाणी व इंधन पोहोचविणाऱ्या ट्रकचालकाची आठवण क्वचितच होते. वास्तविक त्याचेही काम जिवावरचेच. अमेरिकन लष्कराच्या एका संस्थेने २००९ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की, २००७ साली अफगाणिस्तानात इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मृत वा जखमी झाला होता. आपल्याकडेही जोजी ला घाट बर्फाने बंद पडण्यापूर्वी लडाखमधील जवानांचा हिवाळ्याचा शिधा वर न्यावा लागतो. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी, अशा त्या वाटेवर चालकाची एक डुलकीही महागात पडते.

मग गाडीत माणूसच नसला तर? ही आता नुसती कल्पना नव्हे. २०१५ पर्यंत सैन्याच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एकतृतीयांश वाहने माणसावाचून चालावीत, असे उद्दिष्ट अमेरिकेच्या काँग्रेसने २००० सालीच कायद्याने ठरविले. मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटात अशा गाड्यांची शर्यत झाली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडीही सुमारे १२ किलोमीटरवर अडकली. पण पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शेवट गाठला, आणि त्यांत एक सैनिकी मालवाहू ट्रक होता. २०१५ साल उलटले, उद्दिष्ट साधले नाही. तरी प्रयत्न थांबले नाहीत. पुढच्या ट्रकमध्ये चालक, आणि त्याच्या मागोमाग आपोआप येणारे रिकाम्या आसनांचे ट्रक, अशी रचना अमेरिकन लष्कराने करून पाहिली आहे.

आम्हां हैदराबादकरांना हा विषय परका नाही. सिकंदराबादच्या छावणीत सैन्याला शस्त्रे व सामग्री पुरविणाऱ्या ऑर्डनन्स कोअरचे केंद्र आहे. शहराबाहेर कंदी येथील आयआयटीत ‘तिहान’ केंद्राचे, चालकाविना धावणाऱ्या वाहनांच्या चाचणीचे मैदान जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. ते केंद्र लष्कराचे नव्हे. पण विद्या दोन नसतात. ज्या विद्येने भाजीची गाडी चालेल, तिनेच दारूगोळ्याचीही चालेल.

एक गोष्ट आम्ही प्रथमच स्पष्ट म्हणतो. कोणा मातेचा मुलगा या यंत्रामुळे घरी सुखरूप परतत असेल, तर ते यंत्र चांगले. धोक्यात शौर्य असते म्हणून धोका राहू द्यावा, असे बोलणारा बहुधा स्वतः सुरक्षित जागी बसलेला असतो.

प्रश्न निराळाच आहे. दावीद राजाला बेथलेहेमच्या विहिरीच्या पाण्याची इच्छा झाली, तेव्हा त्याचे तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसून ते पाणी घेऊन आले. राजाने ते प्याले नाही. परमेश्वरापुढे ओतून दिले. त्या पाण्यात त्याला त्या तिघांचे रक्त दिसले. समजा, कोणाचाही जीव धोक्यात न घालता ते पाणी आले असते, तर तो खुशाल प्याला असता, आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु तेच पाणी आणताना वाटेतला एखादा मेंढपाळ चिरडला गेला असता व राजाला ते कोणी सांगितलेच नसते, तर?

सैनिकी ताफ्याची वाट ही लोकांचीही वाट असते. फेब्रुवारी २०१९ मधील पुलवामाच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यानंतर त्याच महामार्गावर काही काळ आठवड्यातील दोन दिवस, रविवारी व बुधवारी, नागरी वाहनांना बंदी करावी लागली. ज्यांना त्या दिवशी दवाखाना गाठायचा होता, त्यांनाही ती वाट लागतच होती.

शत्रूच्या मुलखात ताफा सहसा थांबत नाही, कारण थांबणे म्हणजे हल्ल्याला संधी देणे. अशा वेळी पुढे एखादे मूल आले, तर चालक काय करील ते तोच जाणे. पण जे करील त्याचे ओझे तो जन्मभर वाहील. रिकाम्या ट्रकचा निर्णय मात्र कोणीतरी कित्येक महिने आधी, टेबलाशी बसून घेतलेला असतो.

आमच्या मते येथे विचाराला एक धरावयाजोगा धागा आहे. न थांबण्याचे मोठे समर्थन हेच होते की, आतल्या माणसाचा जीव वाचावा. आत माणूसच नसेल तर ते समर्थन उरत नाही. मग एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात माल. म्हणून रिकाम्या गाडीने थांबावे, माल लुटला गेला तरी थांबावे.

यावर कोणी म्हणेल, शत्रू हे ओळखून मुलांनाच रस्त्यावर उभे करील; आणि पुढच्या ठाण्यावरचे जवान त्याच शिध्याची वाट पाहत असतील. हा आक्षेप खरा आहे, हलका नाही. परंतु एवढे जड ओझे यंत्राच्या माथी मारता येत नाही. थांबू नये असा हुकूम द्यावयाचाच असेल, तर तो नावानिशी एका अधिकाऱ्याने, त्या घटकेला, समोरचे पाहून द्यावा व त्याचा जाबही द्यावा. यंत्राला शिक्षा करता येत नाही, आणि त्याला पश्चात्तापही होत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातील काही मुले उद्या याच शहरात त्या टेबलांशी बसतील. दावीदाच्या पाण्याचा धडा आला म्हणजे त्या तीन वीरांच्या शौर्यावरच थांबू नका. मुलांना विचारा: आपल्या घोटभर पाण्याची किंमत कोणी दिली, हे राजाने पाहिले, तुमच्या जागी बसून तुम्ही ते पाहाल काय?