अकर्तेपणाचा अधिकार

सदोष यंत्रामुळे माणूस दगावतो तेव्हा त्या मृत्यूचे पातक कोणाच्या माथी बसते, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराला अगदीच अपरिचित नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे सांगून, एकट्या आत्म्यालाच कर्ता मानणाऱ्यास दुर्मती ठरविले आहे. परंतु कर्तृत्वाची ही विभागणी एखाद्या बलाढ्य कारखानदाराच्या हाती पडली म्हणजे तिचे केवढे विपरीत रूप होते, हे अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणात दिसून आले.

या स्विचच्या आतील स्प्रिंगचा अटकाव कंपनीनेच ठरविलेल्या प्रमाणाहून कमी होता. किल्ल्यांच्या जुडग्याचे वजन पडले किंवा चालकाचा गुडघा लागला, की धावत्या मोटारीतच किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि ऐन धडकेच्या क्षणी एअरबॅग उघडत नसे. तक्रारी येऊ लागल्या तेव्हा, 2005 साली, जुडग्यातील जड वस्तू काढून टाकण्यास ग्राहकांना सांगावे असे पत्रक विक्रेत्यांकडे गेले. 2006 साली त्या भागाची रचना बदलण्यास मंजुरी मिळाली, पण क्रमांक मात्र जुनाच राहिला, आणि त्यामुळे नव्या मोटारींत हा दोष का आढळत नाही, हे पुढील तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगले नाही. मोटारी परत बोलावण्यास 2014 साल उजाडले. त्यांची संख्या सुमारे 26 लाखांवर गेली आणि भरपाईच्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या चौकशी अहवालात एका रिवाजाचे वर्णन आहे : बैठकीत सर्वांनी प्रस्तावाला माना डोलवायच्या आणि दालनाबाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही. लोकमान्यांनी गीतारहस्यात कर्त्याची बुद्धी ही नीतीची कसोटी मानली. मग जेथे प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा असून संपूर्ण सत्य जाणण्याची इच्छाच कोणास नाही, तेथे ही कसोटी लावायची कोणाच्या बुद्धीला? माझे उत्तर असे की, ज्ञान टाळण्याची व्यवस्था उभारणे हेही बुद्धीचेच कर्म आहे. शिवाय गीतेने अकर्तेपणाचा अधिकार दिला आहे तो फलासक्ती सोडणाऱ्याला. विकलेल्या प्रत्येक मोटारीचा नफा जो हिशेबात जमा करून घेतो, त्याला अपघाताच्या वेळी दैवाकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोठून येणार?

कर्तृत्व नाकारले म्हणून ते नाहीसे होत नाही. ते दुर्बळाच्या डोक्यावर जाऊन पडते. टेक्सासमधील एका तरुणीच्या हातून 2004 साली अशीच मोटार रस्ता सोडून गेली आणि शेजारी बसलेला तिचा प्रियकर मरण पावला. हे मरण आपल्याच हातून घडले असे मानून तिने 2007 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. आणि त्या कबुलीच्या काही महिने आधीच कंपनीच्या अंतर्गत तपासणीत दोष मोटारीकडे असल्याचे निष्पन्न झाले होते. ते कागद दप्तरातून बाहेर आले असते तर त्या मुलीला शिक्षेहूनही अधिक जाळणारे जे दुःख सोसावे लागले, आपण प्रिय माणसाचे मारेकरी आहोत या समजुतीचे, ते टळले असते. न्यायालयाने तिच्यावरील ठपका 2014 च्या नोव्हेंबरात रद्द केला, पण दहा वर्षांच्या त्या आत्मनिंदेची भरपाई कोणत्याही निधीच्या आवाक्यातली नाही, आणि मला तर या साऱ्या प्रकरणातील सर्वांत घोर अधर्म हाच वाटतो.

कंपनीने पंधरा नोकर बडतर्फ केले आणि 2015 साली सरकारशी तडजोड करून 90 कोटी डॉलर भरले. फौजदारी खटला मात्र एकाही व्यक्तीवर दाखल झाला नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचे अधिकार केंद्र सरकारला मिळाले आहेत. परंतु सदोष भागास मंजुरी देणाऱ्याचे नाव, मंजुरीची तारीख आणि त्याच्यासमोर आलेल्या तक्रारी फिर्यादीला पाहावयास मिळतील अशी सक्तीही त्या हुकमासोबत असावी, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.