संघातली जागा आणि मनातली जागा

फेब्रुवारी म्हणजे कुवेतमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचा लाडका महिना. हवा गार, रस्त्यांवर राष्ट्रीय दिनाची रोषणाई आणि शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलचे क्रिकेट. 2008 सालच्या अशाच एका शुक्रवारी आम्ही सात-आठ जण खेळून दमून सालमियातल्या एका मित्राकडे पोहे खायला जमलो होतो. दोनच दिवसांपूर्वी, 20 फेब्रुवारीला, मुंबईत आयपीएलचा पहिलावहिला लिलाव झाला होता. खेळाडूंचा लिलाव ही कल्पनाच तेव्हा नवी होती, त्यामुळे पोह्यांपेक्षा चर्चा जास्त गरम होती.

वादाचा विषय एकच होता, सनथ जयसूर्या. मुंबई इंडियन्सने त्याला 9 लाख 75 हजार डॉलरला घेतले होते. वय 38. कसोटी क्रिकेट त्याने नुकतेच, डिसेंबर 2007 मध्ये सोडलेले. त्यात हा तोच जयसूर्या, ज्याने ऑक्टोबर 2000 मध्ये शारजाला आपल्याविरुद्ध 189 धावा कुटल्या होत्या आणि नंतर आपला सगळा संघ 54 धावांत गारद झाला होता. आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांना ती संध्याकाळ विसरणे कठीण. असा माणूस मुंबईच्या संघात, आणि तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर!

सर्वांत मोठ्या आवाजात विरोध करणारा मीच होतो. "अरे, म्हातारा झालाय तो! वीस षटकांचा खेळ म्हणजे पोराटोरांचा खेळ. एवढ्या पैशात मुंबईच्या मैदानांवरची चार तरुण पोरं उभी राहिली असती," असे मी ठणकावून सांगितले. समोरच्या बाजूने एकच उत्तर होते, "जुनं ते सोनं." माझा पवित्रा "साठी बुद्धी नाठी"चा, फक्त साठीच्या जागी चाळिशी. कोणाचेच कोणाला पटले नाही. पोहे मात्र संपले.

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. 14 मे 2008 रोजी वानखेडेवर चेन्नईविरुद्ध सामना होता. दुखापतीतून सावरलेला सचिन त्या दिवशी आयपीएलमधला आपला पहिला सामना खेळत होता, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. पण खेळला तो जयसूर्या. 48 चेंडूंत नाबाद 114, त्यात 11 षटकार. 157 धावांचे लक्ष्य मुंबईने चौदा षटकांच्या आतच गाठले. कामावरून घरी आलो तेव्हा कुवेतमध्ये अजून उजेड होता, आणि अंधार पडल्यावर माझ्या फोनवर मित्रांचे टोमणे सुरू झाले. त्या हंगामात त्याने 514 धावा केल्या.

मी हरलो, हे मान्य केले. पण ते "जुनं ते सोनं"वाले तरी जिंकले का? हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत राहिला. कारण 2010 च्या हंगामात त्याच जयसूर्याला मोजकेच सामने मिळाले, तो चमकला नाही, आणि त्यानंतर मुंबईच्या संघात तो दिसला नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबई पहिल्यांदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. मग सोने दोन वर्षांत पितळ झाले म्हणायचे का?

मला वाटते, त्या सकाळी आम्ही दोन्ही बाजूंनी एकच चूक करत होतो. मी त्याची जन्मतारीख बघत होतो, ते त्याचा इतिहास बघत होते. 38 वर्षांचा, डावखुरा, मनगटात ताकद असलेला तो माणूस आज चेंडू कसा मारतो, हे कोणीच बघत नव्हते. वयावरून नाकारणे हा आळस आहे आणि नावावरून स्वीकारणे हाही आळसच आहे. दोन्हींत समोरच्या माणसाकडे नीट पाहण्याचे कष्ट वाचतात.

आपल्या मुंबईच्या क्रिकेटमध्ये याचे याहून जुने उदाहरण आहे. 1971 साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी संघ निवडताना मडगावात जन्मलेल्या आणि मुंबईकडून खेळणाऱ्या दिलीप सरदेसाईंचे नाव जवळजवळ बाद झाले होते. वय अवघे तीस, पण "आता संपला" असा शिक्का बसलेला. नवा कर्णधार अजित वाडेकर यांनी मात्र त्यांच्यासाठी आग्रह धरला. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत 5 बाद 75 अशी अवस्था असताना सरदेसाईंनी 212 धावा केल्या. त्या मालिकेत त्यांच्या एकूण 642 धावा झाल्या आणि भारताने वेस्ट इंडिजला प्रथमच मालिकेत हरवले. वाडेकरांनी जुन्या सहकाऱ्यावर उपकार केला नव्हता. जलद गोलंदाजी कोण खेळू शकतो हे त्यांनी ओळखले होते. तेच सरदेसाई डिसेंबर 1972 मध्ये शेवटची कसोटी खेळले आणि थांबले. निकष दोन्ही वेळी एकच होता, फक्त उत्तर बदलले.

"अहो, पण मग कृतज्ञता कुठे गेली?" असे कोणी विचारील. विचारायलाच हवे. ज्याने संघासाठी हाडे झिजवली, त्याला एका खराब हंगामानंतर बाहेरचा रस्ता दाखवायचा? याला आपण "गरज सरो, वैद्य मरो" म्हणतो आणि ते आपल्याला शोभत नाही. या प्रश्नाचे उत्तर मला क्रिकेटने दिले नाही. ते आमच्या वर्कशॉपमधल्या एका माणसाने दिले.

त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. चिपळूणजवळच्या गावचे, आयटीआय शिकलेले, कुवेतमध्ये उभी हयात वेल्डिंगमध्ये घालवलेले. पुढे फोरमन झाले. मी इथे नवखा इंजिनिअर म्हणून आलो तेव्हा कागदावरचा जोड आणि प्रत्यक्षातला जोड यांतला फरक मला त्यांनीच शिकवला. 2014 साली ते साठ वर्षांचे झाले. साठी उलटलेल्यांपैकी कोणाचे करार वाढवायचे त्याची नावे प्रत्येक विभागप्रमुखाने कारणासह द्यावीत, असा निरोप वरून आला. तोवर विभागप्रमुख मी झालो होतो.

मी क्षणाचाही विचार न करता मामांचे नाव लिहिले. कारण म्हणून "दीर्घ आणि निष्ठावान सेवा" असे लिहिले. मनात एक समाधान होते की आपण ऋण फेडले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मामा केबिनमध्ये आले, उभेच राहिले.

"साहेब, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"मामा, बसा आधी. काय झालं?"

"मला ठेवताय, ते कामासाठी की मागच्या ओळखीसाठी?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. मामाच पुढे बोलले. "गेल्या शटडाऊनला मी वर चढलो नाही. गुडघा धरतो. माझ्या वाटचं ते केरळचं पोरगं चढलं. काम त्यानं केलं, फोरमन म्हणून सही माझी. त्याला बढती कधी मिळायची?"

त्या दिवशी मला माझ्या औदार्याचा हिशेब कळला. ऋण माझे होते, पण ते फेडणार होता तो केरळचा मुलगा. कृतज्ञतेपोटी दिलेली जागा बहुतेक वेळा अशीच दुसऱ्याच्या खिशातून दिली जाते. संघात जागा अकराच असतात. वर्कशॉपमध्ये फोरमन एकच असतो. ती जागा आपल्या मालकीची नसते की आपण ती आहेर म्हणून द्यावी. आणि ज्याला ती मिळते, त्याचाही त्यात मान राहत नाही. मामांना ते माझ्याआधी कळले होते.

मग मी त्यांनाच विचारले, "मामा, तुम्ही आज काय उत्तम करू शकता?" त्यांनी जोड तपासणे आणि नव्या वेल्डरना परीक्षेसाठी तयार करणे ही दोन कामे सांगितली. ती दोन्ही कामे आमच्याकडे रखडलेली होती. मी कागद बदलला. कारणाच्या रकान्यात सेवेची वर्षे खोडून ही दोन कामे लिहिली. तो मुलगा फोरमन झाला. मामा आणखी दोन वर्षे राहिले आणि मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, "साहेब, आता डोळे बारीक भेग चुकवायला लागले. पुरे." विजय मर्चंट 1951 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध 154 धावा करून कसोटीतून बाहेर पडले होते. लोक "का थांबलास?" म्हणत असतानाच थांबावे, "का थांबत नाहीस?" म्हणेपर्यंत वाट पाहू नये, हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र मामांनी बहुधा ऐकलेलेही नसेल.

राहिले ऋण. ते मात्र पूर्ण फेडायचे असते, आणि योग्य चलनात. इथल्या 2010 च्या कामगार कायद्याने हे बरोबर ओळखले आहे. मासिक पगारदाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 15 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी एका महिन्याचा पगार, एकूण दीड वर्षाच्या पगाराच्या मर्यादेत, नोकरी संपताना मिळतो. ही आपली ओळखीची इन्डेम्निटी. झालेल्या सेवेचे देणे वेगळे आणि पुढच्या कामाची नेमणूक वेगळी. कायद्यापलीकडचे देणे आपण आपले द्यायचे. निरोपाचा समारंभ, शिकवणाऱ्याचे नाव घेऊन सांगणे, नंतरही फोन करणे. यात कोणा तिसऱ्याचे काही जात नाही.

अर्थात प्रत्येकाला मामांसारखे विचारून ठरवण्याची संधी मिळत नाही. 2021 च्या सुरुवातीपासून कुवेतमध्ये साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने वाढवणे थांबले. पुढे 2022 मध्ये जादा शुल्क आणि आरोग्यविमा या अटींवर ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात आपल्यातल्या किती घरांत "आता काय?" हा एकच प्रश्न होता, ते आपण पाहिले आहे. सरकारला लाखो लोकांसाठी नियम करताना कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी समजू शकतो. पण ती सोयीची रेघ असते. रेघेच्या पलीकडचा माणूस निकामी झाला, असा निवाडा ती करत नाही. तो निवाडा आपण आपल्या मनात करून टाकतो, ही खरी चूक. आणि आपल्या हातात निवड असते तिथे, ऑफिसात, मंडळात किंवा घरात, रेघेमागे लपायला आपल्याला सबब नाही.

आता क्रिकेटकडे परत येतो. 2025 च्या हंगामासाठी चेन्नईने महेंद्रसिंग धोनीला 43 व्या वर्षी 4 कोटी रुपयांना राखले. 2022 साली त्याच्यासाठी 12 कोटी मोजले होते. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला नवख्यांच्या गटात धरण्याचा नियम तेव्हा पुन्हा आला होता, म्हणून हे शक्य झाले. बेंगळुरूविरुद्ध चेपॉकवर तो नवव्या क्रमांकावर आला, 16 चेंडूंत नाबाद 30 धावा केल्या, आणि सामना 50 धावांनी गेला. त्या हंगामात चेन्नई तळाला राहिली. आमच्याकडे पुन्हा तोच वाद झाला. आता पोह्यांच्या जागी ओट्स आहेत, कारण सगळ्यांना डॉक्टरांनी तंबी दिली आहे. या वेळी मी ओरडलो नाही. एवढेच विचारले, "तो नवव्या क्रमांकावर येतो, तेव्हा ती जागा फलंदाजाची आहे की आठवणींची?" माझा मुलगा म्हणाला, "बाबा, प्रेक्षक आठवणींसाठीच तिकीट काढतात, तेही खरंच ना?" हो, तेही खरे. पण मग संघाने ते उघड सांगावे. आठवणींसाठी जागा ठेवली असेल तर तिला फलंदाजाची जागा म्हणू नये.

यंदा मला अठ्ठावन्नावे वर्ष लागले. माझ्या हाताखालच्या मुलाला, म्हणजे आता चाळिशीतल्या गृहस्थाला, मी सांगून ठेवले आहे की माझी वेळ येईल तेव्हा माझी जन्मतारीखही बघू नकोस आणि तुला नोकरी मी दिली होती हेही आठवू नकोस. त्या आठवड्यातले माझे काम बघ. हे बोलणे सोपे आहे. मामांसारखे ते स्वतःहून जाऊन विचारणे जमेल की नाही, याची मला अजून खात्री नाही.

मामांचा दर गणपतीला चिपळूणहून फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, आंबा-काजूचे कसे झाले ते कळते. आणि दर वेळी फोन ठेवण्यापूर्वी ते विचारतात, "साहेब, यंदा शटडाऊन कधी आहे? त्या पोराला सांगा, वर चढताना पट्टा लावायला विसरू नको."