विकत घेणाऱ्याचा दोष

आमच्या खेड्यांत शेताच्या बांधावर फड्या निवडुंग असतो. गुरें आंत शिरूं नयेत एवढाच त्याचा उपयोग. त्यावर कोणी माया करीत नाहीं. तेव्हां त्याच्याच कुळांतील झाडें चोरून विकण्याचा मोठा धंदा दूर देशीं चालतो, असें आम्हीं सांगितलें तर वाचकांस नवल वाटेल.

दक्षिण अमेरिकेंत चिली नांवाचा देश आहे. त्याच्या उत्तरेस अटाकामा हें वाळवंट असून पृथ्वीवरील अत्यंत कोरड्या प्रदेशांत त्याची गणना होते. तेथें समुद्राकडील टेकड्यांवर कोपियापोआ नांवाचे निवडुंग उगवतात. पाऊस जवळजवळ नाहींच. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर त्यांचा निर्वाह चालतो, आणि वाढ इतकी मंद कीं झाड मोठें होईपर्यंत मनुष्याचें आयुष्य सरून जातें. नष्ट होत चाललेल्या जीवांची यादी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाच्या हिशेबीं २०१३ सालीं ह्यांच्या शेंकडा ५५ जाती धोक्यांत होत्या. २०२४ सालीं तो आंकडा शेंकडा ८२ झाला.

नवे रस्ते, नवीं घरें व पालटलेलें हवामान हीं कारणें आहेतच. परंतु मोबाइलवरील चित्रें पाहून युरोप व आशिया खंडांतील हौशी लोकांस हीं झाडें घरीं असावींशीं वाटूं लागलीं, हें कारण आम्हांस अधिक विचार करण्यासारखें वाटतें. २०२० सालीं इटलींत हजाराहून अधिक चोरलेले निवडुंग जप्त झाले. त्यांत कांहीं शंभर वर्षांहून जुने होते. पुढील वर्षीं त्यांपैकीं आठशेंहून अधिक चिलीस परत पाठविण्यांत आले.

आतां दोष कोणाचा? खणणारा चोर आहे, ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु घेणारा म्हणतो, "मीं रोख दाम मोजला, शिवाय झाडाला मीं जीव लावतों." हें बोलणें तपासून पाहूं. बियांपासून कांचघरांत वाढविलेलें झाड हिरवें दिसतें. रानांतलें झाड राखी असतें. उन्हापासून राखणारा धुळीसारखा थर त्यावर असतो. राखी तेंच पाहिजे, असा जो हट्ट धरतो, तो चोरीच्या खुणेचेंच मोल देतो. बाजारांत नवा तांब्या चतुर्थांश किमतीस मिळाला तर तो कोठला, हें घेणारा मनांत समजून असतो. येथें तर चोरीचा माल म्हणूनच किंमत अधिक! अशा मनुष्यास आम्ही खणणाऱ्याहून कमी दोषी समजत नाहीं.

न कळत घेतलेल्याचें काय? त्यास आम्ही दोष देत नाहीं. मात्र राखी रंगाचा अर्थ एकदां कळल्यावर, हें कोठून आणलें, असें विक्रेत्यास विचारण्यास तो बांधलेला आहे. आणि नीट उत्तर न मिळाल्यास रिकाम्या हातीं घरीं येण्यासही.