बर्फ नुसताच वितळला

अकोल्यातल्या एका कबड्डी स्पर्धेत मी वैद्यकीय पथकात स्वयंसेवक होतो. काम एवढंच, डॉक्टरांशेजारी बसून बर्फाची पेटी आणि स्ट्रेचर सांभाळायचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी दाखवलेला हा खेळ. पडणं-लागणं त्यात आलंच. पण दुपारपर्यंत कोणालाच काही झालं नाही. मग एक चढाईपटू कोसळला. मी धावलो. तो हसत उठला, "काई नाई झालं, दादा!" आणि मी चक्क हिरमुसलो.

त्याची लाज अजून वाटते. मला त्याचं बरं हवं होतं, की माझा उपयोग? रात्रभर सर्व्हर नीट चालला, की नोकरीत मी खूश असतो. इथे का नाही? संध्याकाळी पेटीतला बर्फ नुसताच वितळला होता. दिवस चांगला गेला होता.