शस्त्र केव्हा धरावे?

नाणेघाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात, वैशाखरे नावाचे गाव आहे. तेथे एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो असता शेजारच्या घरातील एक चिंता आमच्या कानी आली. घरचे म्हातारबा पाचसहा आठवड्यांपूर्वी ओटीवरून घसरले होते. डोक्यास लहानसे टेंगूळ आले आणि जिरले. पुढे मात्र ते नावे विसरू लागले, दिवसा झोपू लागले, एक पाय ओढीत चालू लागले. घरची मंडळी म्हणत, वय झाले. अखेर शहरात नेऊन मेंदूचे चित्र काढले, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेले दिसले. कवटीस छिद्र पाडून ते काढावे, असा सल्ला मिळाला. मुलाने आम्हांस विचारले, "गुरुजी, डोकं उघडायला हो म्हटलं आन् बाबा गेले, तर पाप कुणाचं?"

प्रश्न वैद्यकाचा नव्हता, नीतीचा होता. आणि आम्हांस त्या क्षणी उत्तर देता आले नाही.

मस्तकावर शस्त्र चालविण्याचे भय फार जुने आहे, आणि ते धैर्यही जुनेच. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीचे मस्तक उघडून त्याने दोन जंतू बाहेर काढले. त्यापूर्वी त्याने श्रेष्ठीकडून दोन्ही कुशींवर आणि पाठीवर सातसात महिने पडून राहण्याचे वचन घेतले. श्रेष्ठीस सातसात दिवसही कसेबसे निभावले, आणि एकवीस दिवसांत तो बरा झाला. जीवक म्हणाला, हे मला ठाऊकच होते. महिने सांगितले नसते तर तुम्ही इतके दिवसही पडून राहिला नसता. वैद्याचा हेतू शुद्ध होता. परंतु रोग्यास अंधारात ठेवून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असेच आज आपण म्हणू.

मग शस्त्र केव्हा धरावे? काही प्रसंगी विलंब हाच अपराध ठरतो. डोक्यास मार लागून माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो, आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जातो; तेथे कवटीखाली रक्त साठत असण्याचा संभव असतो, आणि मग घटकाघटका मोलाची असते. कंबरेच्या चकतीमुळे पायात कळ येते, तिला जुने वैद्य गृध्रसी म्हणत. अशा बहुसंख्य रोग्यांस काही आठवड्यांत शस्त्रावाचून आराम पडतो. परंतु लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातील शक्ती जाऊ लागली, तर थांबणे धोक्याचे. केवळ दुखते म्हणून कापू नये, आणि केवळ भीती वाटते म्हणून थांबूही नये.

या बाबतीत आपल्याच देशातील एक उदाहरण मननीय आहे. पाठीच्या कण्याच्या क्षयाचे वर्णन पर्सिव्हल पॉट याने 1779 साली केले. या रोगात सर्वांवर शस्त्रक्रिया करावी, असे एक मत होते; केवळ औषधांवर विसंबावे, असे दुसरे. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी 1975 साली आपल्या उपचारांचे फलित प्रसिद्ध केले आणि त्यास 'मध्यममार्ग' असे नाव दिले. सर्वांस औषधे द्यावी. ज्याचा पक्षाघात औषधांनी हटत नाही किंवा वाढतो, त्याच्यावरच मुख्यतः शस्त्र चालवावे. जीवक ज्या बुद्धाचा वैद्य होता, त्याचाच हा शब्द! मध्यममार्ग म्हणजे दोन मतांची सरासरी नव्हे. प्रत्येक रोगी वेगळा पाहण्याचे कष्ट होत.

आता त्या मुलाचा प्रश्न. 'हो' म्हणणे हेच काय ते कर्म, आणि गप्प राहणे म्हणजे निर्दोष राहणे, असे आपण मानतो. ही समजूत आम्हांस चुकीची वाटते. रक्त साकळत राहू देणे हाही निर्णयच आहे. फक्त त्यावर कोणाची सही नसते. उलट, असाध्य अर्बुदाने जर्जर झालेल्या वृद्धास चार महिन्यांसाठी शस्त्राखाली घालू नये असे तो स्वतः म्हणत असेल, तर त्याचा नकार मानणे हेही पाप नव्हे. केल्याने काय साधेल, न केल्याने काय होईल, धोका किती, आणि रोग्याची स्वतःची इच्छा काय, एवढे विचारून घेतलेला निर्णय फळ काहीही आले तरी निर्मळच राहतो.

देशातील पहिला मेंदूशल्यविभाग डॉ. जेकब चंडी यांनी 1949 साली वेल्लूर येथे काढला. त्यापूर्वीच्या वैशाखऱ्यातील म्हाताऱ्यापुढे हा प्रश्न उभाच राहिला नसता. ज्यास मार्गच नाही, त्यास निवडीचे ओझेही नाही. ते ओझे वाहावे लागणे, हे आपल्या काळाचे भाग्य आहे.

मुलाने दुसऱ्या दिवशी सही केली. म्हातारबा आज पुन्हा ओटीवर बसतात आणि नातवंडांस नावांनी हाका मारतात. परंतु ते परतले नसते, तरीही ती सही योग्यच होती. हे त्या रात्री आम्हांस सांगता आले नाही, म्हणून आज लिहीत आहोत.